परांची कधी उतरवायची?

आंबिवली-मोहने भागात हिंडताना परांचीच्या आड उभी असलेली एक तरी इमारत दिसतेच. काही ठिकाणी लोखंडी नळ्या असतात, काही ठिकाणी अजून बांबूच. बांबूची परांची जरा थांबून बघावी. उभे बांबू, आडवे बांबू, सांध्यावर दोराचे घट्ट वेढे, आणि खिळा एकही नाही. खिळा मारला की बांबू चिरतो, हे एक कारण. दुसरं असं की हे सगळं पुढे सोडायचं असतं. रंगाचा शेवटचा हात झाला की माणसं वरून एकेक गाठ सोडत खाली येतात आणि तेच बांबू पुढच्या कामावर जातात. बांधणाऱ्याला उतरवण्याचा हिशेब पहिल्या गाठीपासून करावा लागतो.

इंग्रजीत परांचीला स्कॅफोल्ड म्हणतात. शरीराचा भाजलेला, तुटलेला, झिजलेला भाग पुन्हा वाढवू पाहणाऱ्या डॉक्टरांनी आणि अभियंत्यांनीही हाच शब्द उचलला आहे. पेशी हवेत वाढत नाहीत. त्यांना धरायला, सरकायला, पसरायला काहीतरी लागतं. ते काहीतरी निसर्गातल्यासारखं बनवायचं, पेशींना कामाला लावायचं आणि काम झालं की नाहीसं करायचं. यातल्या पहिल्या दोन गोष्टींचं कौतुक पुष्कळ होतं. माझ्या मते खरी कारागिरी तिसरीत आहे, आणि निसर्गाची नक्कल करताना माणूस सगळ्यात जास्त वेळा चुकला तोही तिथेच.

आता याचा आंबिवलीशी काय संबंध? थेट नाही, पण धाग्याएवढा नक्की आहे. त्याकडे येतोच. त्याआधी आपल्या गुडघ्यावरची खपली बघू.

लहानपणी पडून गुडघा फुटला नाही असा माणूस विरळा. रक्त येतं, थांबतं, खपली धरते, आणि मोठी माणसं बजावतात, ‘काढू नकोस.’ त्या खपलीखाली काय चालतं ते बघितलं तर परांचीचं आख्खं शास्त्र सापडतं. रक्तात फायब्रिनोजेन नावाचं प्रथिन विरघळलेलं असतं, लिटरला दोन ते चार ग्रॅम. रक्तवाहिनी फुटली की थ्रॉम्बिन हे विकर त्याची टोकं छाटतं. टोकं छाटलेले तुकडे एकमेकांना चिकटतात आणि त्यांचे धागे होतात, फायब्रिनचे. या धाग्यांच्या जाळ्यात रक्तपेशी अडकतात आणि गळती थांबते. पण जाळ्याचं काम तेवढ्यावर संपत नाही. जंतू आणि मोडतोड साफ करणाऱ्या पेशी याच धाग्यांवरून आत शिरतात. मागोमाग फायब्रोब्लास्ट येतात, म्हणजे शरीराचे गवंडी. ते जुन्या जाळ्यात कोलॅजनचे नवे धागे विणायला घेतात, आणि त्याच वेळी प्लाझ्मिन हे दुसरं विकर फायब्रिनचं जाळं कुरतडत असतं. एकीकडे भिंत चढते, दुसरीकडे परांची उतरते. शेवटी खपली आपोआप गळते. तिथे जो वण राहतो, त्याची ताकद मूळ कातडीच्या साधारण ८० टक्क्यांपर्यंतच पोचते. म्हणजे निसर्गाचं कामही अगदी बिनचूक नसतं.

छोटी जखम भरून येते ती अशी. मोठी येत नाही. निम्मं अंग भाजलं असेल, कर्करोगामुळे जबड्याचा तुकडा काढावा लागला असेल, अपघातात नळीच्या हाडाचा भाग चुरा झाला असेल, तर शरीराला स्वतःची परांची एवढ्या अंतरावर टाकता येत नाही. मग ती बाहेरून द्यावी लागते. कशाची द्यायची, हा या प्रकरणाचा विषय.

आता मोहने. उल्हास नदीच्या काठावरचं हे गाव आंबिवली स्टेशनला लागूनच आहे. १९४६ साली स्थापन झालेल्या नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशनचा, म्हणजे कल्याण-टिटवाळ्याकडच्या लोकांच्या तोंडच्या ‘एनआरसी’चा, कारखाना इथे होता. हजारो कुटुंबं त्यावर जगली. २००९ साली तो बंद पडला. शेजारच्या शहाडला सेंच्युरी रेयॉन. रेल्वेची ही दोन स्टेशनं एकाच धाग्याची म्हणायला हरकत नाही. तो धागा म्हणजे रेयॉन, जुन्या भाषेत कृत्रिम रेशीम.

कृत्रिम रेशीम या शब्दाकडे आपण नाक मुरडून बघतो. पण जिवाची नक्कल करून वस्तू बनवण्याचा इतिहास लिहायचा तर त्यात रेयॉनला वरची जागा द्यावी लागेल. रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने १६६५ सालीच लिहून ठेवलं होतं की रेशमाचा किडा तोंडातून चिकट रस ओढून धागा काढतो, तसा माणसालाही काढता यावा. त्याला वाट बघावी लागली सव्वादोनशे वर्षं. फ्रान्सच्या शार्दोनेने १८८९ सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात असा धागा मांडला, पण तो भयंकर ज्वालाग्राही होता. १८९२ साली क्रॉस, बेव्हन आणि बीडल या तिघांनी व्हिस्कोसची कृती शोधली, आणि पुढे जगभर तीच चालली.

कृती स्वयंपाकासारखी आहे, फक्त मसाले जहाल. लाकडाच्या लगद्याचे जाड कागदासारखे ताव कॉस्टिक सोड्याच्या १८ टक्क्यांच्या द्रावणात भिजत घालायचे. पिळून, भुगा करून थोडे दिवस मुरवायचे. मग त्यात कार्बन डायसल्फाइड सोडायचं. पांढरा भुगा बघता बघता नारिंगी होतो. तो सौम्य कॉस्टिकमध्ये विरघळवला की मधासारखा दाट, मधाच्याच रंगाचा रस तयार होतो. व्हिस्कोस हे नावच या दाटपणावरून आलं. हा रस पुन्हा मुरवायचा, गाळायचा आणि सोऱ्याच्या चकतीतून शेव पाडावी तसा बारीक भोकांच्या चकतीतून दाबायचा. फरक इतकाच की भोकाचा व्यास मिलिमीटरच्या दहाव्या-विसाव्या हिश्शाएवढा, आणि खाली तेलाच्या कढईऐवजी गंधकाच्या आम्लाचं कुंड. आम्लात पडताक्षणी रसाचा धागा होतो. कार्बन डायसल्फाइडने लगद्यातल्या सेल्युलोजला तात्पुरतं विरघळण्याजोगं केलेलं असतं. आम्ल ते सोंग उतरवतं आणि सेल्युलोज पुन्हा सेल्युलोज होतं. लाकडातही तेच होतं, धाग्यातही तेच. मधे फक्त त्याला हवा तो आकार मिळाला.

(हे कार्बन डायसल्फाइड मज्जासंस्थेला फार वाईट. जगात जिथे जिथे व्हिस्कोसचे कारखाने उभे राहिले, तिथे कामगारांच्या आजारपणाचा इतिहासही लिहिला गेला आहे. स्वस्त रेशमाची किंमत कुणीतरी मोजतच होतं.)

विरघळव, बारीक भोकातून काढ, पुन्हा घट्ट कर. ही तीन पावलं ध्यानात ठेवा. आज स्कॅफोल्ड बनवणाऱ्या प्रयोगशाळांत चालतं त्यातलं बरंचसं याच तीन पावलांवर चालतं. उच्च दाबाच्या विजेने द्रावणातून केसाहून शंभरपट बारीक तंतू ओढणारं यंत्रसुद्धा १९३४ साली कापडधंद्यासाठीच पेटंट झालं होतं. साठेक वर्षं फारसं कुणी विचारलं नाही. मग लक्षात आलं की शरीरातल्या कोलॅजनचे तंतूही याच जाडीचे, पन्नास ते पाचशे नॅनोमीटरचे असतात, आणि यंत्राचे दिवस पालटले.

व्हिस्कोसच्या रसाला भोकाऐवजी लांब फट दिली की धाग्याऐवजी पारदर्शक कागद पडतो. हा सेलोफेन. हॉलंडवर जर्मनांचा कब्जा असताना, १९४३ साली, कांपेन गावातल्या विलेम कोल्फ या तरुण डॉक्टरने सॉसेजच्या आवरणासाठी मिळणारी सेलोफेनची नळी लाकडी पिंपाला गुंडाळली, तिच्यातून रोग्याचं रक्त फिरवलं आणि पिंप क्षारांच्या पाण्यात गरगरत ठेवलं. युरिया नळीतून झिरपून बाहेर, रक्तपेशी आत. पहिले पंधराएक रोगी वाचले नाहीत. १९४५ साली एक बाई वाचल्या. डायलिसिसची सुरुवात ही. आपल्या लुगड्यांच्या काठात झळकलेल्या रेयॉनचा सख्खा भाऊ मूत्रपिंडाच्या जागी उभा राहिला.

पण तो शरीराच्या बाहेर. आत गेला असता तर काय झालं असतं?

सेल्युलोज गाय पचवते, कारण तिच्या पोटात ते फोडणारे जिवाणू राहतात. माणसाच्या ऊतींमध्ये सेल्युलोज फोडणारं विकरच नाही. शस्त्रक्रियेत चुकून पोटात राहिलेला कापसाचा बोळा वर्षानुवर्षं तसाच सापडतो, भोवती शरीराने कवच बांधलेलं. म्हणजे हा धागा मऊ, ओला धरून ठेवणारा, निर्विष. परांची म्हणून उभा राहील अगदी उत्तम, पण उतरणार नाही. ही अडचण रसायनशास्त्राने सोडवली. सेल्युलोजच्या साखळीतल्या ठरावीक जागी ऑक्सिडीकरण केलं की ती शरीरात टिकत नाही. अमेरिकेत १९४० च्या दशकात हे उमगलं आणि १९६० च्या सुमाराला रेयॉनच्या विणलेल्या कापडावरच ही प्रक्रिया करून रक्तस्राव थांबवणारी जाळी बाजारात आली. ‘सर्जिसेल’ हे तिचं नाव शस्त्रक्रियागृहात काम करणाऱ्या कुणालाही विचारा. रक्त झिरपणाऱ्या जागी ती ठेवतात, ती काळी पडून लिबलिबीत होते, रक्त थांबतं, आणि आठवड्या-दोन आठवड्यांत तिचा मागमूस उरत नाही. नुसत्या रेयॉनमध्ये नसलेली एकच गोष्ट तिच्यात आहे, जाण्याची तयारी.

मुंबईत या विषयाला आणखी एक वळण मिळालं, आणि तेही सेल्युलोजच्याच घरातलं. भाजलेल्या जखमेवर साधी गॉझ पट्टी बांधली की ती सुकून चिकटते. बदलताना नवी उगवलेली कातडी तिच्यासोबत सोलून निघते आणि रोगी किंचाळतो. परळच्या वाडिया बाल रुग्णालयात डॉ. मनोहर केसवानी यांनी यावर उकडलेल्या बटाट्याच्या साली वापरून पाहिल्या. साली गॉझवर चिकटवून, निर्जंतुक करून जखमेवर ठेवायच्या. १९८५ साली त्यांनी हे काम ‘बर्न्स’ या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केलं. बटाट्याच्या सालीत बुचासारखा एक थर असतो, जमिनीखालच्या कंदाचं पाणी राखणारा. जखमेवर तो तेच काम करतो, ओल राखतो. २००३ साली त्याच नियतकालिकात शीव रुग्णालयाच्या डॉ. माधुरी गोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केळीच्या पानाच्या पट्टीचे निष्कर्ष मांडले. केळीचं पान मेणचट, गुळगुळीत, मोठं आणि स्वस्त. ते जखमेला चिकटत नाही, त्यामुळे बदलताना वेदना जवळजवळ नाही. जेवायला केळीचं पान मांडणाऱ्यांना त्याचा गुळगुळीतपणा सांगायला नको. वरण कसं पळतं ते आपण जाणतोच.

काही जण या प्रयोगांकडे गरीब देशाची तडजोड म्हणून बघतात. मला ते पटत नाही. आवरण जखमेला धरून बसता कामा नये, ओल मात्र जाऊ देता कामा नये, ही अट परदेशातल्या महागड्या पट्ट्यांनाही तशीच लागू आहे. पानाने आणि सालीने ती फुकटात पाळली.

पण पान झाकतं; वाढवत नाही. कातडीची पूर्ण जाडी जळाली की झाकून भागत नाही. तिथे मेलेल्या माणसाची कातडी कामाला येते. २००० साली शीव रुग्णालयात देशातली पहिली त्वचापेढी सुरू झाली, पुढे ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्येही झाली. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत मांड्या, पाय, पाठ इथली कातडीची पातळ पापुद्री काढतात आणि ८५ टक्के ग्लिसरॉलमध्ये थंड ठेवतात. ही कातडी रोग्याला कायमची लागत नाही. दोन-तीन आठवड्यांत शरीर ती झिडकारतं. पण तेवढ्या दिवसांत पाणी राहतं, जंतू बाहेर राहतात आणि माणूस तगतो. परळच्या टाटा रुग्णालयात १९८८ पासून ऊतीपेढी आहे. तिथे बाळंतपणात बाहेर पडणाऱ्या वारेचं आतलं पातळ आवरण धुऊन, सुकवून, पाकिटबंद करतात. निर्जंतुक करण्यासाठी ते तुर्भ्याच्या ‘आयसोमेड’मध्ये गॅमा किरणांखाली जातं. कोबाल्ट-६० च्या किरणांनी जंतू मरतात, जाळं टिकतं. नऊ महिने बाळाला सांभाळलेला पडदा दुसऱ्या कुणाच्या जखमेवर बसतो.

आता वाढवणाऱ्या परांचीसाठी बोस्टन. जॉन बर्क हे भाजलेल्या रोग्यांचे शल्यविशारद आणि आयोनिस यान्नास हे एमआयटीतले, प्लॅस्टिकच्या जातीच्या दीर्घ साखळ्यांचा अभ्यास करणारे. १९७० च्या आसपास दोघांनी जोडी जमवली. हवं होतं जखम लवकर मिटवणारं आवरण. गिनीपिगांवर एकामागून एक पदार्थ लावून पाहिले. कशानेही लवकर मिटेना. एका पदार्थाने तर उलटंच केलं, जखम मिटायला उशीर लावला. गाईच्या कोलॅजनमध्ये शार्कच्या कूर्चेतली एक शर्करासाखळी मिसळून केलेला तो सच्छिद्र स्पंज होता. वरकरणी हे अपयशच.

यान्नासना त्यातलं मर्म कळलं. मोठी जखम लवकर मिटते ती मुख्यतः आकसून. भाजून बऱ्या झालेल्या माणसाची हनुवटी छातीला खेचलेली, बोटं तळव्याला वळलेली दिसतात ती याच आकसण्यामुळे. कडेचे फायब्रोब्लास्ट जणू दोरखंड धरून जखम ओढत असतात. स्पंजाच्या भोकांत शिरल्यावर ते पांगले, प्रत्येकाचं तोंड वेगळ्या दिशेला झालं, ओढायला एकजूट उरली नाही. मग त्यांनी दुसरं काम सुरू केलं, कातडीचा आतला थर विणण्याचं. वणाऐवजी कातडी.

भोकं केवढी, यावर सगळं अवलंबून होतं. वीस ते सव्वाशे मायक्रॉन. माणसाचा केस साधारण सत्तरचा असतो. लहान भोकात पेशी शिरत नाही, फार मोठ्या भोकात तिला हाताशी काही लागत नाही. आणि टिकायचं किती दिवस? आठवड्यात विरघळला तर नवा थर तयार होण्याआधीच पेशी उघड्या पडतात. सहा महिने राहिला तर त्याच्याभोवती वण धरतो. जखमेचा स्वतःचा वेग बघून यान्नासनी स्पंजाचं अर्धं आयुष्य सुमारे दोन आठवड्यांवर आणून ठेवलं. कोलॅजनच्या साखळ्यांना एकमेकींशी किती टाके घालायचे, त्यावर हे ठरत होतं. वरून सिलिकॉनचा पातळ पापुद्रा, ओल राखायला. आतला थर तयार झाला की तो सोलून त्याजागी रोग्याच्याच कातडीची अगदी पातळ पापुद्री लावायची. १९८१ साली त्यांनी दहा रोग्यांचे निकाल छापले. त्यांचं पन्नास ते पंचाण्णव टक्के अंग भाजलेलं होतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाची पूर्ण मान्यता यायला १९९६ साल उजाडलं.

मला या सगळ्या विषयात ही गोष्ट सगळ्यात आवडते. त्यांनी कातडी बनवली नाही. कातडीला बनू दिलं.

हाडाचं गणित निराळं. घरच्या घरी करता येईल असा एक प्रयोग सांगतो. कोंबडीच्या तंगडीची दोन हाडं घ्या. एक आठवडाभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा. दुसरं निखाऱ्यावर पांढरं होईस्तोवर भाजा. व्हिनेगरमधलं हाड रबरासारखं वाकेल, कारण आम्लाने त्यातलं कॅल्शियमयुक्त खनिज खाल्लं आणि कोलॅजन उरलं. भाजलेलं हाड बोटाने चुरेल, कारण कोलॅजन जळालं आणि खनिज उरलं. सिमेंट काँक्रीट आणि सळई असा हा मामला आहे. वजनाने साठ-सत्तर टक्के खनिज, बाकी कोलॅजन आणि पाणी. खनिजाचे कण कोलॅजनच्या तंतूंमध्ये इतके बारीक बसलेले असतात की हाताने असं काही बनवणं अजून जमलेलं नाही. म्हणून काहींनी निसर्गाची तयार वस्तूच उचलली. समुद्रातल्या काही पोवळ्यांची भोकं हाडाच्या भोकांसारखी असतात, आकाराने आणि एकमेकींना जोडलेली असण्यानेही. १९७० च्या दशकात अमेरिकेत त्यांच्या चुनखडीचं हाडाच्या खनिजात रूपांतर करण्याची युक्ती निघाली. आपल्याकडे पोवळं मंगळासाठी बोटात घालायचं. तिथे ते जबड्यात बसवलं.

आणि पुण्यात रेशीम. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. अनुया निसळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रेशमातल्या फायब्रॉइन प्रथिनापासून हाडासाठी स्कॅफोल्ड करण्याचं काम केलं आणि त्यातून सेरीजेन मेडिप्रॉडक्ट्स ही कंपनी उभी राहिली. फायब्रॉइनचे सूक्ष्म कण एकमेकांना चिकटवून सच्छिद्र ठोकळा करायचा, ही त्यांची एक रीत. राजगिऱ्याचा लाडू डोळ्यांसमोर आणा. दाण्यादाण्यांत फट असते, तरी लाडू दाबला तर सहज मोडत नाही. त्या फटींतून पेशी आणि रक्तवाहिन्या शिरतात. पेशी रक्तवाहिनीपासून मिलिमीटरच्या दहाव्या-पाचव्या हिश्शाहून लांब राहिली तर उपाशी मरते, म्हणून फटी एकमेकींना जोडलेल्या असाव्याच लागतात.

रेशमाचं द्रावण करण्याची एक सर्रास वापरली जाणारी पद्धत मात्र नीट बघावी अशी आहे. कोश कापून सोड्याच्या पाण्यात उकळतात. धाग्यावरचा सेरिसिन नावाचा डिंक निघून जातो. हा डिंक राहिला तर शरीर चवताळण्याची भीती असते. उरलेला पांढरा, मऊ पुंजका लिथियम ब्रोमाइडच्या दाट द्रावणात टाकून गरम ठेवला की विरघळतो. पिवळसर, पातळ मधासारखं दिसतं. आता प्रथिन ठेवून मीठ काढायचं. त्यासाठी हे द्रावण एका पारदर्शक नळीत भरतात, दोन्ही टोकांना चिमटे लावतात आणि शुद्ध पाण्याच्या मोठ्या भांड्यात दोन-तीन दिवस तरंगत ठेवतात, पाणी बदलत. मीठ झिरपून जातं, रेशीम आत राहतं. ती नळी कशाची? पुनर्निर्मित सेल्युलोजची. म्हणजे कोल्फच्या सेलोफेनच्या जातीची, व्हिस्कोसच्या घराण्यातली. कृत्रिम रेशमाच्या पिशवीत खरं रेशीम अंघोळ करतं. मोहन्याच्या स्पिनिंग खात्यात आयुष्य काढलेल्या एखाद्या कामगाराला हे दाखवावंसं वाटतं.

विदर्भातल्या टसरला इथे एक शब्द द्यायलाच हवा. भंडारा, गडचिरोली, चंद्रपूरच्या जंगलांत ऐनाच्या झाडावर हा किडा वाढतो. ढीवर समाजाची माणसं पिढ्यान्‌पिढ्या तो राखत आली. टसरच्या प्रथिनात आर्जिनिन, ग्लायसिन आणि ॲस्पार्टिक आम्ल या तीन अमिनो आम्लांची एक जोडणी असते. ही तिकडी म्हणजे पेशींच्या हाताला बसणारी मूठ. १९८४ साली अमेरिकेत तिचा शोध लागल्यापासून लोक कृत्रिम पदार्थांवर ती मुद्दाम चिकटवत आले आहेत. तुतीच्या रेशमात ती नाही, जंगलातल्या टसरमध्ये उपजत आहे. मात्र टसरचा कोश लिथियम ब्रोमाइडलाही सहजी बधत नाही, म्हणून संशोधक बऱ्याचदा किड्याच्या ग्रंथीतूनच प्रथिन काढतात.

पेशी नुसती मूठ बघत नाही, भुई किती टणक आहे तेही चाचपते. २००६ साली एका प्रयोगात एकाच प्रकारच्या मूळपेशी तीन प्रकारच्या जेलवर ठेवल्या. मेंदूइतक्या लिबलिबीत जेलवर त्या चेतापेशींसारख्या होऊ लागल्या, स्नायूइतक्या घट्ट जेलवर स्नायूंसारख्या, आणि त्याहून टणक जेलवर हाडाच्या. त्यांना खाऊ तोच दिला होता.

एवढं कळल्यावर माणसाला वाटलं, आता काय, हवे ते अवयव करू. १९९७ साली पाठीवर माणसाचा कान उगवलेल्या उंदराचं चित्र जगभर फिरलं. खरं तर तो कान नव्हता. विरघळणाऱ्या टाक्यांच्या दोऱ्याचा जो पदार्थ, त्याच्या कानाच्या आकाराच्या साच्यात गाईच्या कूर्चापेशी वाढवल्या होत्या. २०११ साली स्टॉकहोममध्ये पाओलो माकियारिनी या शल्यविशारदाने प्लॅस्टिकच्या श्वासनलिकेवर रोग्याच्या मूळपेशी पसरून ती माणसात बसवली. वर्तमानपत्रांनी युगप्रवर्तक म्हणून डोक्यावर घेतलं. प्लॅस्टिकमध्ये ना रक्तवाहिन्या शिरल्या, ना अस्तर धरलं, ना ते विरलं. त्या रुग्णालयातले त्याचे तिन्ही रोगी पुढे दगावले. २०२३ साली तिथल्या अपील न्यायालयाने त्याला कैदेची शिक्षा दिली. परांची उभी राहिली, भिंत चढलीच नाही, आणि परांचीलाच इमारत म्हणून फोटो काढले गेले.

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, म्हणजे न विरघळणारं ते वाईट. मीही बरीच वर्षं असंच म्हणत होतो. मग कॅनडात ओटावा विद्यापीठात अँड्रयू पेलिंगच्या गटाने सफरचंदाच्या चकत्या साबणासारख्या द्रावणाने धुऊन त्यातल्या पेशी काढून टाकल्या. उरलं फक्त सेल्युलोजचं पांढरं पोळं, आणि त्यात प्राण्यांच्या पेशी सुखाने वाढल्या. हे २०१४ साली. २०१७ साली अमेरिकेत दुसऱ्या एका गटाने पालकाचं पान असंच धुतलं. पानाच्या शिरा पारदर्शक नळ्यांसारख्या उरल्या, त्यांतून रंगीत पाणी फिरलं, आणि पानावर वाढवलेल्या माणसाच्या हृदयपेशी आकुंचन पावू लागल्या.

पेलिंगचा गट नंतर पाठीच्या कण्याकडे वळला. तुटलेल्या मज्जारज्जूतली फट फार सावकाश भरते, भरलीच तर. तिथे चार महिन्यांत विरघळणारी परांची लवकर गेली असं होऊ शकतं. त्यांनी शतावरीची विलायती बहीण, ॲस्परॅगस, घेतली. तिच्या दांड्यात पाणी वर नेणाऱ्या नळ्या सरळ, एकमेकींना समांतर असतात, मज्जारज्जूतल्या तंतूंसारख्या. दांड्याचे तुकडे धुऊन मज्जारज्जू कापलेल्या उंदरांच्या फटीत बसवले. शरीराला सेल्युलोज फोडता येत नाही, म्हणून त्या नळ्या तिथेच राहिल्या, आणि काही आठवड्यांनी उंदरांच्या मागच्या पायांत थोडी हालचाल परत आली.